नाट्यगृहाची वीज आणि प्रकाशयोजना: लोडच्या हिशेबापासून अंधारातल्या चाचणीपर्यंत

ऑफिसात वीज गेली तर कामं थांबतात. नाट्यगृहात आठशे माणसं मुळात अंधारातच बसवलेली असतात, बाल्कनीच्या पायऱ्या उभ्या असतात आणि समोरच्या रंगमंचावर लाकूड, पडदे, रंगवलेलं कापड यांच्यात हजार हजार वॅटचे दिवे तापत असतात. त्यामुळे नाट्यगृहाचं इलेक्ट्रिकल डिझाइन म्हणजे मोठ्या हॉलचं वायरिंग, असं धरून चाललं की चुकतंच. इथे विजेचे तीन वेगळे संसार आहेत: रंगमंचाची वीज, प्रेक्षागृहाची आणि इमारतीची वीज, आणि जीव वाचवणारी वीज. हे तिन्ही शेवटपर्यंत वेगळे ठेवायचे. पुढचे सगळे आकडे सुमारे ८०० आसनांचं, वातानुकूलित, महापालिकेच्या शहरातलं नाट्यगृह डोळ्यांसमोर ठेवून दिले आहेत.

पायरी १: कागदावर रेघ ओढण्याआधी विचारायचं ते

दिवसाला किती प्रयोग? दुपारचा आणि रात्रीचा प्रयोग लागून असेल तर एसी मधे बंद होत नाही. दौऱ्यावर येणाऱ्या नाटक कंपन्या आपले दिवे आणि डिमर (प्रकाश कमी-जास्त करणारी यंत्रं) घेऊन येतात का? येतातच. मग ते वीज कुठून घेणार? सध्या बऱ्याच ठिकाणी उत्तर असतं: विंगेतल्या पॅनेलचं दार उघडून, वायरींची टोकं सोलून, थेट बसबारला (पॅनेलमधल्या वीजवाहक पट्टीला). ही सवय मोडायची असेल तर डिझाइनमध्येच सोय हवी. भाषणं, लग्नाच्या हॉलमधल्यासारखे कार्यक्रम, शाळांची गॅदरिंग होतात का? त्या दिवशी डेकोरेटरचाही लोड येतो. आणि कॅन्टीन. मध्यंतराच्या पंधरा मिनिटांत वडे, चहा, कॉफी मशीन, मायक्रोवेव्ह हे सगळं एकदम चालतं. लोडच्या तक्त्यात कॅन्टीनचा रकाना हमखास रिकामा सापडतो.

जुन्या इमारतीचं नूतनीकरण असेल तर छत आधी बघा. लाकडी छत, कापडी अस्तर, जुन्या केसिंग-कॅपिंगच्या वायरी हे सगळं एकत्र असेल तर काम वायरिंगपासून सुरू होत नाही, अग्निसुरक्षेपासून होतं. १९१५ मध्ये उभं राहिलेलं कोल्हापूरचं केशवराव भोसले नाट्यगृह ८ ऑगस्ट २०२४ च्या रात्री आगीत जळालं. असं रंगमंदिर पेट घेतं तेव्हा वाचवायला फार वेळ मिळत नाही, एवढं त्यावरून कळायला हरकत नाही.

पायरी २: लोडचा हिशेब

आमच्या ८०० आसनांच्या उदाहरणात जोडलेला लोड असा धरू. एसी १०० किलोवॅट, रंगमंचाचे दिवे ६०, प्रेक्षागृह, फॉयर आणि बाहेरचे दिवे २०, ध्वनी १०, लिफ्ट आणि पाण्याचे पंप १५, कॅन्टीन ८, रंगमंचाची यंत्रं १०, रंगपट १२. एकूण २३५ किलोवॅट. हे सगळं एकाच वेळी चालत नाही, म्हणून प्रत्येकाला वेगळा डायव्हर्सिटीचा गुणक लावायचा. एसीला ०.९, रंगमंचाला ०.८, सामान्य दिव्यांना ०.७, ध्वनीला आणि लिफ्ट-पंपाला ०.५, कॅन्टीनला ०.८, यंत्रांना ०.३, रंगपटाला ०.६. बेरीज येते सुमारे १८१ किलोवॅट. पॉवर फॅक्टर ०.९५ धरला तर १९१ केव्हीए, त्यावर पुढच्या वाढीसाठी पंचवीस टक्के, म्हणजे २३८. ट्रान्सफॉर्मर २५० केव्हीएचा. अग्निशमन पंप या बेरजेत नाही. त्याचा हिशेब आणि त्याची केबल सुरुवातीपासून वेगळी.

‘आता सगळं एलईडी आहे, रंगमंचाला ६० किलोवॅट कशाला?’ हा प्रश्न बजेटच्या बैठकीत येणारच. नाट्यगृहाचे स्वतःचे दिवे एलईडी असतील तर २० किलोवॅटमध्ये भागेल, हे खरं. पण दौऱ्यावरची कंपनी चाळीस पारकॅन (हजार वॅटचे दिवे) घेऊन येते तेव्हा ते ४० किलोवॅट असतात, आणि त्यांना ‘आमच्याकडे सोय नाही’ म्हटलं की ते पुन्हा बसबारकडे वळतात. फीडर, म्हणजे डिमरपर्यंतची मुख्य केबल, ६० किलोवॅटचाच ठेवा.

२५० केव्हीए, ४३३ व्होल्टच्या ट्रान्सफॉर्मरचा पूर्ण लोडचा करंट ३३३ अँपिअर. इम्पिडन्स (अंतर्गत अडथळा) साडेचार टक्के असेल तर त्याच्या टोकाशी शॉर्टसर्किटचा करंट सुमारे ७.४ किलोअँपिअर निघतो. म्हणजे मुख्य पॅनेलच्या जवळच्या डीबीत (वितरण पेटीत) ६ किलोअँपिअर क्षमतेचे एमसीबी (आपोआप वीज तोडणारे छोटे ब्रेकर) चालणार नाहीत, १० चे लावा. ही चूक अगदी नेहमीची आहे, कारण दुकानात ६ आणि १० चे एमसीबी दिसायला सारखेच.

पायरी ३: ट्रान्सफॉर्मर कुठे

तेलाचा ट्रान्सफॉर्मर इमारतीच्या आत ठेवायचा नाही. पार्किंगच्या कोपऱ्यात तर मुळीच नाही. जागेअभावी आतच ठेवावा लागला तर ड्राय टाइप (बिनतेलाचा), स्वतंत्र आगरोधक खोलीत, जिचं दार प्रेक्षकांच्या वाटेवर उघडत नाही. १३ जून १९९७ ला दिल्लीच्या उपहार सिनेमागृहात ५९ माणसं गेली. तळमजल्यावरच्या पार्किंगलगतच्या ट्रान्सफॉर्मरच्या केबलचा जोड सैल होता, तिथून आग लागली, तेल पेटलं. माणसं मेली ती मुख्यतः धुराने गुदमरून. वीज गेल्यावर आत आपत्कालीन दिवे नव्हते, आणि जादा खुर्च्या टाकून वाटा अरुंद केलेल्या होत्या. डिझाइन करताना या यादीतली प्रत्येक बाब स्वतंत्रपणे तपासा: सैल लग (केबलच्या टोकाचा जोड), तेल, धुराचा मार्ग, अंधार, वाट.

पायरी ४: डिमर आणि न्यूट्रल

इथे जास्त वेळ घालवायचा. नाट्यगृहातल्या जळालेल्या पॅनेलांची पाळंमुळं बहुतेकदा न्यूट्रलमध्ये, म्हणजे तिन्ही फेजच्या परतीच्या सामाईक तारेत असतात.

तीन फेजवर सारखा हॅलोजन लोड पूर्ण प्रकाशावर असेल तर न्यूट्रलमधून करंट जवळजवळ शून्य जातो. ६० किलोवॅटला प्रत्येक फेजमध्ये ८३ अँपिअर आणि न्यूट्रल थंड. उद्घाटनाच्या दिवशी इंजिनिअर क्लँप मीटर लावतो, शून्य बघतो आणि समाधानाने घरी जातो. आता डिमरने दिवे खाली आणा. ट्रायॅकचा (इलेक्ट्रॉनिक स्विचचा) डिमर प्रत्येक अर्धलहरीचा पहिला भाग कापून टाकतो. नेमका अर्धा कापला तर फेजमधला करंट ५९ अँपिअरवर येतो. पण कापलेल्या लहरी एकमेकींना खोडत नाहीत. तिसऱ्या पटीच्या हार्मोनिक्सची (तिप्पट वारंवारतेच्या उपलहरींची) न्यूट्रलमध्ये बेरीज होते, आणि न्यूट्रलमधून ८३ अँपिअर वाहू लागतात. दिवे अर्धे, फेज कमी आणि न्यूट्रल भरलेला. लहरी आणखी कापल्या की न्यूट्रलचा करंट फेजच्या १.७३ पटीपर्यंत जाऊ शकतो, तेव्हा मूळ आकडा लहान झालेला असतो हे नशीब.

आता साइटवर काय होतं ते बघा. फीडरला ७० चौरस मिमी अॅल्युमिनियमची साडेतीन कोर केबल येते, कारण ती स्टॉकमध्ये असते आणि साडेतीन कोर ही आपली सवयच आहे. त्या केबलचा न्यूट्रल ३५ चौरस मिमीचा. पीव्हीसी इन्सुलेशनच्या ३५ मिमी अॅल्युमिनियमची हवेतली क्षमता या ८३ अँपिअरच्या आसपासच, त्यात ट्रेमध्ये शेजारच्या केबल्सची उष्णता. वर तीन पोलचा ब्रेकर, तो न्यूट्रलकडे बघतच नाही. त्यामुळे काही ट्रिप होत नाही, फक्त न्यूट्रलची पट्टी काळवंडत जाते. न्यूट्रलचा लग सैल होऊन सुटला तर एका फेजवरचे दिवे तीनशे-साडेतीनशे व्होल्ट बघतात.

म्हणून डिमर रूमच्या फीडरला पूर्ण चार कोरची केबल, शक्य तिथे न्यूट्रलला फेजच्या दीड ते दोनपट काटछेद. ब्रेकर चार पोलचा आणि न्यूट्रलवरही संरक्षण असलेला. बसबारची न्यूट्रल पट्टी फेजइतकीच जाड, अर्धी नव्हे. हीच काळजी मोठ्या एलईडी लोडलाही घ्या, स्वस्त ड्रायव्हर (एलईडीला वीज पुरवणारं सर्किट) तिसऱ्या हार्मोनिकच्या बाबतीत डिमरचे चुलतभाऊच.

डिमर रूम रंगमंचाजवळ पण प्रेक्षागृहाच्या भिंतीला लागून नको, डिमरमधले चोक (कॉइल) गुणगुणतात. दोन-तीन टक्के ऊर्जा तिथेच उष्णता होते. ६० किलोवॅटला दीड किलोवॅटचा हीटर बंद खोलीत चालू ठेवल्यासारखं. एक एसी आणि तो बंद पडला तर चालेल असा एक्झॉस्ट.

पायरी ५: बारपर्यंतच्या वायरी

रंगमंचावरच्या प्रत्येक बारवर (दिवे टांगायच्या आडव्या नळीवर) दोन प्रकारचे सॉकेट हवेत: डिमरमधून येणारे आणि थेट वीज देणारे. एलईडी प्रोफाइल, मूव्हिंग लाइट यांना अखंड वीज लागते. डिमर चॅनलवर लावले तर त्यांची पॉवर सप्लाय जळते, कधी पहिल्याच संध्याकाळी. सॉकेटच्या पट्टीचे रंग वेगळे ठेवा आणि ठळक मराठीत लिहा: ‘डिमर’ आणि ‘थेट’. लाइटमन घाईत असतो, इंग्रजी संक्षेप वाचायला थांबत नाही.

वायरची जाडी दोनदा तपासायची. एकदा व्होल्टेज ड्रॉपसाठी, एकदा उष्णतेसाठी. समोरच्या बारपर्यंत ६० मीटर अंतर, १० अँपिअरचं सर्किट, २.५ चौरस मिमी तांब्याची वायर: प्रति अँपिअर प्रति मीटर १८ मिलीव्होल्ट धरले तर १०.८ व्होल्ट पडतात, म्हणजे ४.७ टक्के. दिव्यांसाठी ३ टक्क्यांची मर्यादा धरली तर हे नापास. ४ चौरस मिमीला ११ मिलीव्होल्ट, ६.६ व्होल्ट, २.९ टक्के. जेमतेम पास.

आता उष्णता. नऊ सर्किटं एका ट्रंकिंगमध्ये, गुणक ०.५. वर पत्र्याचं छत, मे महिन्यात फॉल्स सीलिंगच्या वर ५० अंश, त्याचा गुणक ०.७१. २.५ मिमीची मूळ क्षमता २४ अँपिअर, उरतात साडेआठ. १० चा एमसीबी लावलात तर वायर आधी तापेल आणि एमसीबी नंतर जागा होईल. ४ मिमीची क्षमता ३२ वरून ११.४ वर येते. म्हणजे दोन्ही कसोट्यांवर ४ मिमीच लागते. ‘लाइटिंगला दीड, पॉवरला अडीच’ हा पाठांतराचा नियम नाट्यगृहाच्या दारातच सोडा.

एकाच बारवर शेजारी वेगवेगळे फेज आणले तर हात लांब करण्याच्या अंतरावर ४१५ व्होल्ट येतात. एका बारला एकच फेज, फेज बदलायचा तर पुढच्या बारवर.

दौऱ्यावरच्या कंपन्यांसाठी दोन्ही विंगांत ६३ अँपिअरचे पाच पिनचे औद्योगिक सॉकेट द्या, प्लग आत बसल्याशिवाय स्विच चालू होणार नाही असे इंटरलॉकचे, त्यांच्यामागे लिकेजचं संरक्षण (जमिनीकडे गळणारा करंट ओळखून वीज तोडणारं) आणि मागच्या पॅनेलला कुलूप. लिकेजचा आकडा जपून ठरवा. सामान्य माणूस हात लावतो तिथे, म्हणजे रंगपटातल्या सॉकेटला, बाहेरच्या दिव्यांना, कॅन्टीनला ३० मिलिअँपिअर. पण एलईडीचे ड्रायव्हर प्रत्येकी थोडं थोडं लिकेज देतात. एका आरसीसीबीवर (लिकेज ओळखणाऱ्या ब्रेकरवर) वीसेक दिवे टांगले की तो ऐन प्रवेशात उडतो. सर्किटं लहान ठेवा, एका आरसीसीबीवरचं कायमचं लिकेज ९ मिलिअँपिअरच्या आत असू द्या.

पायरी ६: डीएमएक्स

डीएमएक्सची, म्हणजे कन्सोलवरून दिव्यांना हुकूम नेणारी, वायर वीजवाहक केबलसोबत नेऊ नका, आणि मायक्रोफोनच्या केबलने काम भागवू नका. १२० ओहमची डेटा केबल, प्रत्येक ओळीच्या शेवटी १२० ओहमचा टर्मिनेटर (शेवटचा रेझिस्टर), एका ओळीवर जास्तीत जास्त ३२ उपकरणं, आणि मधूनच फाटा काढायचा नाही. फाटा हवाच तर ऑप्टो-स्प्लिटर (सिग्नल वाटणारं यंत्र). दिवे अधूनमधून आपोआप लुकलुकायला लागले तर कन्सोलवर संशय घेण्याआधी टर्मिनेटर बघा.

पायरी ७: प्रेक्षागृहाचे दिवे

तिसऱ्या घंटेनंतर दिवे हळूहळू मावळतात. हा क्षण एलईडीवर नीट उतरवणं डोकेदुखीचं आहे. कॅटलॉगमधलं ‘१० टक्क्यांपर्यंत डिमिंग’ फसवं असतं. मीटरवरचा दहा टक्के प्रकाश डोळ्याला जवळपास तीस टक्के दिसतो. म्हणजे सगळं खाली आणल्यावरही सभागृह उजळलेलं राहतं आणि मग एका झटक्यात बंद पडतं. एक टक्क्याच्या खाली, ०.१ टक्क्यापर्यंत सुरळीत उतरणारे ड्रायव्हर मागा, आणि ऑर्डर देण्याआधी एक दिवा अंधाऱ्या खोलीत मावळवून बघा. मोबाईलच्या स्लो-मोशन कॅमेऱ्यात झगझग दिसली तर तो ड्रायव्हर परत करा, वाहिनीवाले चित्रीकरणाला येतील तेव्हा हीच झगझग त्यांच्या कॅमेऱ्यात येईल. रंग ३००० केल्व्हिनच्या आसपास, रंगदर्शकता ९० च्या वर.

डालीवर (प्रत्येक दिव्याला पत्ता देऊन चालवणाऱ्या पद्धतीवर) चालवायचे असतील तर एका लाइनला ६४ पत्ते आणि १.५ चौरस मिमीच्या वायरने ३०० मीटर ही मर्यादा. उंच छतातल्या दिव्यांना खालून हात पोचत नाही, म्हणून ड्रायव्हर छतात नको, कॅटवॉकवर पोचता येईल अशा जागी आणा. हे विसरलं की एका ड्रायव्हरसाठी खुर्च्यांवर परांची बांधावी लागते.

विंगांमध्ये, जिन्यावर, रंगपटाच्या वाटेवर निळे कामाचे दिवे. अंधाराला सरावलेल्या डोळ्याला निळा प्रकाश अपेक्षेपेक्षा जास्त उजळ दिसतो, त्यामुळे वॅट कमीच ठेवा आणि तोंड जमिनीकडे, नाहीतर सायक्लोरामावर (रंगमंचाच्या मागच्या मोठ्या पडद्यावर) निळी झाक येते आणि दिग्दर्शक वायरमनला शोधत येतो.

पायरी ८: जीव वाचवणारी वीज

प्रेक्षागृहाच्या दिव्यांना कन्सोलवरून, प्रॉम्प्टिंगच्या बाजूने आणि मागच्या दारापासून, अशा तीन ठिकाणांहून एका बटणाने पूर्ण प्रकाश आणता आला पाहिजे. ही व्यवस्था कॉम्प्युटरवर किंवा डीएमएक्सवर अवलंबून ठेवू नका. डिमरला वळसा घालणारा कॉन्टॅक्टर लावा, ज्याचे संपर्क वीज नसताना जुळलेले असतात (नॉर्मली क्लोज्ड), म्हणजे कॉइलची वीज गेली, कंट्रोल वायर तुटली किंवा फायर अलार्म वाजला की दिवे आपोआप पूर्ण लागतात. उलट जोडणी केलीत, तर बिघाडाच्या वेळीच अंधार होतो. ध्वनियंत्रणाही त्याच अलार्मने गप्प व्हायला हवी, नाहीतर बाहेर पडण्याची घोषणा कुणाला ऐकू येणार?

मेन गेल्यावर जनरेटर सुरू होऊन लोड घ्यायला सेकंद लागतात. तेवढा वेळ आठशे माणसं पायऱ्यांवर चाचपडू नयेत म्हणून बॅटरीवरचे दिवे, जे डोळ्याचं पातं लवायच्या आत लागतात आणि किमान दीड तास टिकतात. राष्ट्रीय इमारत संहितेप्रमाणे बाहेर पडण्याच्या वाटेच्या मध्यरेषेवर जमिनीलगत किमान १० लक्स हवेत. दिवे कुठे? प्रत्येक बाहेरच्या दारावर आणि दाराच्या बाहेरही, वाट वळते तिथे, प्रत्येक जिन्याच्या टप्प्यावर, फायर अलार्मच्या बटणाजवळ, अग्निशामकाजवळ. ‘बाहेर’ ची पाटी प्रयोग चालू असतानाही जळत राहिलीच पाहिजे. तिच्या प्रकाशाने अंधार बिघडतो ही दिग्दर्शकाची तक्रार रास्त असते, पण त्यावर उपाय म्हणजे पाटीचा कोन आणि आच्छादन बदलणं. तिच्यावर काळं कापड टाकणं नव्हे.

दिव्यातच बॅटरी असेल तर छताच्या उष्णतेत ती लवकर मरते. ८०० आसनांना मध्यवर्ती बॅटरी बरी, पण मग तिच्या केबल्स आगीतही काही काळ तग धरणाऱ्या लागतात आणि त्यांचा मार्ग सामान्य केबल्सपासून वेगळा. बाकीच्या वायरींना सभागृहात कमी धुराच्या हॅलोजनविरहित, निदान एफआर-एलएसएच (आग सहज न पसरवणाऱ्या, कमी धूर-हॅलोजनच्या). भिंतीतून, स्लॅबमधून केबल जिथे पार होते तिथे भोक आगरोधक मालाने बुजवा. सिमेंटने लिंपून वर रंग मारलेली भोकं दोन पावसांत तडकतात.

पायरी ९: अर्थिंग आणि ध्वनीची गुणगुण

स्पीकरमधून गुणगुण आली की कुणीतरी सुचवतं, ‘ध्वनीला वेगळा अर्थिंगचा खड्डा करा, बाकीच्यापासून सुटा.’ ऐकू नका. सुटा खड्डा केल्याने दोन अर्थमध्ये फरकाचं व्होल्टेज येतं आणि फॉल्टच्या वेळी ब्रेकर पडायला पुरेसा करंट मिळत नाही. माइक एका अर्थवर आणि दिव्याचा स्टँड दुसऱ्यावर, मधे कलाकाराचा हात. ध्वनीसाठी वेगळी अर्थवायर जरूर न्या, पण ती थेट मुख्य अर्थबारपर्यंत आणि तिथेच जोडा. गुणगुणीचं खरं मूळ बहुधा असतं: ध्वनीचा फीडर डिमरच्याच डीबीतून घेतलेला, किंवा न्यूट्रल आणि अर्थ दोन ठिकाणी जोडलेले. ते एकाच ठिकाणी जोडायचे. कोकण-गोव्याच्या खाऱ्या हवेत लग टिन केलेलेच हवेत.

पायरी १०: चाचणी

मेगर (इन्सुलेशन तपासायचं मीटर) लावण्याआधी डिमर, एलईडीचे ड्रायव्हर आणि सर्ज प्रोटेक्टर सोडवा, नाहीतर ५०० व्होल्टमध्ये त्यांचाच निकाल लागतो. वाचन किमान १ मेगओहम. मग अर्थ लूप, आरसीसीबीच्या चाचणीच्या वेळा, प्रत्येक लगचा टॉर्क.

खरी परीक्षा रात्री. सभागृहात पूर्ण अंधार करा, दहा मिनिटं डोळे सरावू द्या आणि मुख्य ब्रेकर पाडा. लक्समीटर घेऊन बाल्कनीच्या वरच्या रांगेपासून रस्त्यापर्यंत चालत जा, प्रत्येक पायरीला थांबा, वाचनं वहीत लिहा. जनरेटर लोड घेतो तेव्हा प्रेक्षागृहाचे दिवे कुठल्या पातळीवर परत येतात ते बघा, काही डिमर शून्यावर परत येतात. बॅटरी दीड तास चालू ठेवून शेवटच्या पाच मिनिटांत पुन्हा लक्स मोजा, पहिल्या पाच मिनिटांतलं वाचन सगळ्यांचंच चांगलं येतं.

आणि मे महिन्यात, पहिल्या मोठ्या दौऱ्याच्या प्रयोगाला, दिवे अर्धे असलेला एखादा संथ प्रवेश निवडून डिमर फीडरच्या न्यूट्रलला ट्रू आरएमएस क्लँप मीटर लावा. साधा मीटर कापलेल्या लहरीचा करंट कमी दाखवतो. मग त्याच लगचं तापमान मोजा, शेजारच्या फेजच्या लगपेक्षा ते जास्त निघालं तर रात्रीच पॅनेल बंद करून तो लग पुन्हा क्रिंप करा.